विषय : हिशेब

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ४३ वर्षांची, राहायला मुलुंडला. फोर्टमध्ये एका आयुर्विमा कंपनीच्या दावे विभागात नोकरी करते. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. अडचण सांगताना माझं मलाच हसू येतंय. मला विज्ञान कादंबऱ्या आणि फँटसी वाचायचं वेड आहे. परग्रह, काळप्रवास, जादूगार, ड्रॅगन, काहीही चालतं. मराठी चालतं, इंग्रजी चालतं. गाडीत जाता-येता वाचते. मुखपृष्ठावर अंतराळयान नाहीतर तलवार उपसलेली बाई असते आणि डब्यातल्या सगळ्या जणी बघत बसतात, म्हणून मुलाच्या वह्यांचा उरलेला खाकी कागद चढवते. वर लेबलही चिकटवते. 'विषय' लिहिलेल्या रेघेवर 'हिशेब' असं लिहिलंय.

नणंद कॉलेजात मराठी शिकवते. ती म्हणते, "वहिनी, वयाबरोबर वाचनही मोठं व्हायला हवं." नवरा म्हणतो, ही पळवाट आहे. त्याचंही थोडं खरं असेल, कारण एकदा वाचायला लागले की मला हाक ऐकू येत नाही. मागच्या महिन्यात त्याला ताप होता, ते मला दुसऱ्या दिवशी सासूबाईंकडून कळलं.

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो. पुढच्या वेळी 'माझं आवडतं पुस्तक' यावर मला वीस मिनिटं बोलायचं आहे, आणि नणंद मुद्दाम येणार आहे. मनात आहे ती उर्सुला ल ग्विनची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'. त्यातली दोन माणसं बर्फाच्या पठारावरून स्लेज ओढत जातात, ती पानं वाचताना मी विक्रोळी ते घाटकोपर रडत होते. शेजारच्या बाईंनी मटार सोलायचे थांबवून मला पाणी दिलं. पण कट्ट्यावर सांगायची भीती वाटते. एखादी सर्वमान्य सामाजिक कादंबरी घेऊन वेळ मारून नेऊ? की हे वाचन आता बंदच करू?

— खाकी कव्हर, मुलुंड

प्रिय खाकी कव्हर,

वाचन बंद करू नका, आणि कट्ट्यावर त्याच पुस्तकावर बोला. विचारलंत त्याचं उत्तर एवढंच. उरलेलं सावकाश वाचा, परतीच्या गाडीत खिडकी मिळाली की.

पत्र वाचताना मी अडकले ती लेबलापाशी. खाकी कागदाचं समजू शकते. लेडीज डब्यात शेजारणीच्या हातात काय आहे हे बघायचा सगळ्यांना हक्कच असतो, मग ती मेथीची जुडी असो की पुस्तक. पण छापील लेबल चिकटवायचं आणि विषयाच्या रेघेवर 'हिशेब' लिहायचं, हे लपवण्याच्या पुढचं झालं. ही बनावट कागदपत्रं झाली, आणि तीही दावे विभागातल्या बाईंनी केलेली!

माझंही ऐका. मी २२ वर्षं एका वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर होते. एका सभासदाला दोन पुस्तकं मिळत. लोक ती काउंटरवर ठेवत ती नेहमी एकाच क्रमाने : वर पारितोषिक मिळालेली एखादी कादंबरी, खाली नारायण धारपांची भयकथा. आठ-दहा दिवसांनी दोन्ही परत यायची. वरच्या पुस्तकाची पानं कोरी करकरीत, आणि धारपांची शिवण उसवलेली, मधे कुठेतरी हळदीचं बोट, खुणेला घातलेलं बेस्टचं तिकीट तसंच राहिलेलं. कोणी काय वाचलं हे आम्हाला विचारावं लागत नसे.

आमचा स्वतःचा गुन्हा याहून मोठा. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आमच्याकडे बालविभागात होता. मग कधीतरी कोणीतरी ठरवून टाकलं की चंद्रावर जाणारं, काळात मागे-पुढे होणारं सगळंच मुलांचं. झालं, सगळ्या विज्ञानकथा त्या बुटक्या कपाटात गेल्या. गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे. गुडघ्यावर हात ठेवून खाली बसायचे, अर्धा तास पुस्तकं चाळायचे, आणि उठताना कोणी न विचारता मला सांगायचे, "नातवासाठी." त्यांना नातू नव्हता, मला ठाऊक होतं. ते कपाट हलवा असं मी सांगू शकले असते. सांगितलं नाही. त्यामुळे तुमच्या लेबलाला हसायचा अधिकार मला फारसा नाही.

आता पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही लगबगीने लिहून पुढे गेलात. नवऱ्याला ताप होता आणि तुम्हाला ते दुसऱ्या दिवशी कळलं. यात चूक तुमची आहे, आणि तिचा ड्रॅगनशी काही संबंध नाही. हातात ज्ञानेश्वरी असती तरी ताप तेवढाच असता आणि हाकही तशीच वाया गेली असती. यजमान 'पळवाट' म्हणतात तेव्हा त्यांना साहित्यसमीक्षा करायची नसावी. मी हाक मारतो आणि तू नसतेस, एवढंच ते सांगत असावेत. ते नीट सांगता येत नाही म्हणून बिचाऱ्या पुस्तकावर राग निघतो.

यावर उपाय साधा आहे. मुलुंडहून सीएसएमटीला धीम्या गाडीने तासभर लागतो. जाऊन-येऊन रोजचे दोन तास निर्विवाद तुमचे, त्यात कोणी हाक मारणार नाही. घरी आल्यावर सगळे झोपेपर्यंत पुस्तक पर्समध्येच राहू द्या. आणि जेवताना त्या दिवशी वाचलेलं सांगा. पाच मिनिटं, जास्त नाही, आणि ऐन रंगात आलं की "पुढचं उद्या" म्हणून वरण वाढायला घ्या. या युक्तीवर एका बाईने हजार रात्री जीव वाचवला होता, तुम्हाला तर फक्त नवऱ्याची कुरकुर थांबवायची आहे. चौथ्या दिवशी ते स्वतःहून विचारतील, त्या जहाजाचं पुढे काय झालं. न विचारले तर मला पुन्हा लिहा.

पण 'पळवाट' हा शब्द मला असाच सोडवत नाही, कारण तो तुमच्या नणंदबाईंच्या तोंडूनही आज ना उद्या येणारच. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाले टॉल्कीन कोण हे तुम्हाला सांगायला नको. १९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी परीकथांवर व्याख्यान दिलं होतं. हाच आरोप तेव्हाही होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आरोप करणारे दोन वेगळ्या माणसांची गल्लत करतात. एक, तुरुंगात बसून घरची आठवण काढणारा कैदी. दुसरा, आघाडी सोडून पळालेला शिपाई. कैदी जर भिंती आणि पहारेकरी सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलला, तर त्यात शरम कसली? हे सांगणारा माणूस १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत खंदकात होता. आघाडी म्हणजे काय आणि तिथून पळणं म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आणि तुमचं टेबल बघा ना. मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, वारसाचं ओळखपत्र, रद्द केलेला चेक. दाखल्यावरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव एका अक्षराने जुळलं नाही की कोणा बाईला परत पाठवायचं, आणि ती जाताना पिशवीत कागद कसे कोंबते ते बघायचं. दहा ते साडेपाच हेच करणाऱ्या माणसाला 'तू वास्तवापासून पळतेस' असं कोणी सांगावं? मला तर वाटतं, तुमच्या घरात वास्तवाशी सगळ्यात जास्त गाठ तुमचीच पडते.

आता नणंदबाई. त्या मराठी शिकवतात, म्हणजे कादंबरीचा इतिहास वर्गात सांगावाच लागत असणार. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, विधवांच्या हालांवरची, सामाजिक; सुरुवात तिच्यापासून करतात. पण चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली आणि तिच्यामागे अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांग लागली. त्याच सुमाराला कृष्णशास्त्री चिपळूणकर अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणत होते. म्हणजे एकाच घरात बरोबरीने वाढलेली ही दोन भावंडं. पुढे थोरल्याला बरी नोकरी लागली आणि धाकटं घरात बसून राहिलं, असं आपण उगाच धरून चालतो.

वयाबद्दल म्हणाल तर जयंत नारळीकरांचं उदाहरण पुरे. १९७४ साली ते कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते, केंब्रिज गाजवून आलेले, पस्तिशी उलटलेले. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. अक्षर ओळखू येईल म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हाताने लिहवून घेतली. तेही खाकी कव्हरच की! फक्त त्यांची भीती उलटी होती. आपल्या नावामुळे बक्षीस मिळेल, ही. बक्षीस मिळालंच, पहिलं. पुढच्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून या नव्या लेखनाची दखल घेतली. दुर्गाबाईंचं वाचन वयाबरोबर मोठं झालं नव्हतं असं नणंदबाईंनी एकदा म्हणून दाखवावं, मी ऐकायला येते.

मात्र हे सगळं मी तुम्हाला दिलं ते तुमच्या समाधानासाठी. कट्ट्यावर यातलं काही काढू नका. आजवर या पुस्तकांच्या बाजूने बोलणारी बरीच माणसं मी ऐकली आहेत, आणि बहुतेक वेळा आरोपांपेक्षा बचावाचाच कंटाळा आला. बचावाचे दोन प्रकार तर ठरलेले. पहिला : यातलं पुढे सगळं खरं होतं. 'रोबो' हा शब्द १९२० च्या एका चेक नाटकातून आला, विज्ञानकथाकार आर्थर क्लार्कनी १९४५ साली दळणवळणाचे उपग्रह सांगून ठेवले, वगैरे. (क्लार्कचा तो लेख होता, गोष्ट नव्हती, पण ऐकतो कोण.) कादंबरी म्हणजे काय हवामानखात्याचा अंदाज आहे, खरा ठरला तर चांगला? या पुस्तकांतलं बहुतेक काहीच खरं झालेलं नाही. व्हायचंही नव्हतं.

दुसरा बचाव तुमच्या सोसायटीतले कोणी काका करतीलच : हे सगळं आपल्या पुराणांत होतं, पुष्पक विमान वगैरे. त्यांना हसून हो म्हणा आणि पुढे जा. खरं सांगायचं तर भिंत चालली आणि रेडा वेद बोलला हे आपण लहानपणी जेवताना ऐकलेलं असतं, चांदोबातला वेताळ प्रेतातून बोलायचा आणि आपण त्याला 'हे कसं शक्य आहे' असं कधी विचारलं नाही. आपला कान तयार आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याने विमानाचा शोध लागत नाही.

मग या पुस्तकांत आहे तरी काय? तुम्हाला ते माहीत आहे, तरी एक गोष्ट तुमच्या रस्त्यातली म्हणून सांगते. नारळीकरांच्याच 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत पुण्याचे एक इतिहासाचे प्राध्यापक भलत्याच मुंबईत येऊन पडतात. पानिपतात मराठे जिंकले आहेत अशा जगातली मुंबई. शहर तेच, स्टेशन तेच, पण इंग्रजांची कंपनी अजून तिथे आहे. आणि मुलाला शोधायला त्याच्या ऑफिसात जावं तर त्या नावाचा माणूस तिथे कधी नव्हताच. मग ते कुठे जातात? टाउन हॉलमध्ये, एशियाटिकच्या ग्रंथालयात. इतिहासाचा सांधा नेमका कुठे बदलला ते शोधत बखरीपर्यंत पोचतात, आणि तिथे सापडतं, की १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांच्या दिशेने आलेली गोळी कानाजवळून गेली. तिळभर अंतराने. आपल्याकडच्या इतिहासात ती लागली.

तुम्ही रोज त्याच स्टेशनात उतरता आणि टाउन हॉल तुमच्या ऑफिसपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर असेल. एक दिवस डबा घेऊन त्या पायऱ्यांवर जाऊन बसा. पांढरे खांब, समोर हॉर्निमन सर्कलची झाडं, पायऱ्यांवर फोटो काढणारी कॉलेजची मुलं. ही कथा वाचलेल्या माणसाला तिथे बसल्यावर दुसरी मुंबई पुसटशी दिसते, आणि मग ही, आपली, घामट आणि हॉर्न वाजवणारी, तीही जरा नवीन दिसते. हिचंही असंच तिळभराने झालेलं आहे, हे एरवी आपल्या लक्षात येत नाही. मला हे सुख सामाजिक कादंबरीने कधी दिलं नाही. तिने दुसरी सुखं दिली, तो भाग वेगळा.

आणि एक गोष्ट, फक्त तुमच्यासाठी. १९०५ साली रुकैया सखावत हुसैन या बंगाली बाईंनी 'सुलतानाज ड्रीम' नावाची छोटी कथा इंग्रजीत लिहिली. बायकांचं राज्य, पुरुष पडद्यात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक, हवेतून जाणाऱ्या गाड्या. नवरा दौऱ्यावर गेलेला, वेळ जात नव्हता म्हणून लिहिली. तो परतला, उभ्याउभ्या सगळी वाचली, आणि म्हणाला की हा तर भयंकर सूड आहे. हे त्या बाईंनीच लिहून ठेवलंय. सूड म्हणाला खरा, पण पळवाट म्हणाला नाही; माणूस रसिक होता. अर्ध्या तासात वाचून होते. परतीच्या गाडीत मुलुंड यायच्या आत यजमानांच्या वरणभाताच्या मालिकेची पहिली कथा तयार.

आता कट्ट्याची वीस मिनिटं. विज्ञान कादंबरी म्हणजे काय, ती कधी सुरू झाली, जगात तिला किती मान, यावर एक मिनिटही घालवू नका. त्या ग्रहावरची दोन राज्यं आणि त्यांचं राजकारण तर सांगूच नका. त्यात तुम्ही अडकाल आणि मागच्या ओळीतली मंडळी घड्याळ बघतील. तीन वाक्यांत काम भागतं. कायम हिवाळा असलेला एक ग्रह आहे. तिथली माणसं एरवी पुरुषही नसतात आणि बाईही नसतात, महिन्यातले काही दिवस तेवढं काहीतरी एक होतात. पृथ्वीवरून तिथे दूत म्हणून गेलेला एक पुरुष आणि तिथला एक पदच्युत प्रधान, जीव वाचवण्यासाठी बर्फ ओलांडायला निघाले आहेत. बस. यानंतर थेट तंबूत शिरा.

लहानसा तंबू, एक शेगडी, बाहेर वारा, खाणं मोजून. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही आणि पुस्तकाचा अर्धा भाग संपला तरी दूताचा या माणसावर विश्वास बसलेला नाही, कारण तो पुरुषासारखा वागत नाही आणि बाईसारखाही वागत नाही, मग त्याच्याशी बोलायचं कसं हेच कळत नाही. पुस्तकाचं नाव ज्या कवितेतून आलंय ती कविताही या तंबूतच ऐकू येते. आणि मला सगळ्यात आवडतं ते पांढऱ्या हवेचं वर्णन. आभाळ पांढरं, जमीन पांढरी, उजेड सगळीकडून सारखाच, आणि म्हणून सावली कशालाच नाही. लख्ख दिसतंय, आणि तरीही पुढे बर्फ आहे की भेग आहे हे कळत नाही. दोघं थबकतात. पाऊल टाकायला नुसता उजेड पुरत नाही, सावलीही लागते, हे त्यांना तिथे कळतं. ते पान मोठ्याने वाचा. इंग्रजीत वाचून लगेच तुमच्या शब्दांत मराठीत सांगा, मुलुंडच्या मराठीत, भाषांतराच्या नको. नणंदबाई नकाशा, ग्रह, सगळं विसरून ऐकतील अशी माझी अटकळ आहे. नाही ऐकलं तरी बाकीचे ऐकतील. शेवट मात्र सांगू नका. कोणी कितीही विचारलं तरी.

तुम्ही का रडलात ते लिहिलं नाहीत आणि मी विचारणार नाही. मला आपलं वाटलं, की शेगडीभोवती दोन माणसं आठवडेच्या आठवडे एकमेकांना ऐकायला शिकतात ते एका बाजूला, आणि घरातल्या तापाची बातमी सासूबाईंकडून कळते ते दुसऱ्या बाजूला. चुकत असेन तर सोडून द्या.

पत्र दोनदा वाचल्यावर आणखी एक दिसलं. इतकी वर्षं वाचताय, आणि या पुस्तकांबद्दल बोलायला तुमच्याजवळ एकही माणूस नाही. चोरून वाचायला लागतं हे दुःख त्यामानाने किरकोळ आहे. म्हणून चार ठिकाणं सांगते. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आहे, मुलुंडहून फार लांब नाही. विज्ञानकथा लिहिणारी-वाचणारी माणसं तिथे भेटतात. दिवाळीत 'धनंजय' आणि 'नवल' हे दिवाळी अंक घ्या, लेखकांची नवी नावं कळतील. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आणि तुमच्या फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग आहेत. तिथे भाव करताना मुखपृष्ठावरच्या ड्रॅगनकडे फार प्रेमाने बघू नका, किंमत वाढते. आणि चौथं ठिकाण तुमच्याच डब्यात आहे. मटार सोलणाऱ्या बाईंनी पाणी दिलं, पण "काय वाचत होतात?" असं त्यांनी विचारलं का? विचारलं असेल आणि तुम्ही "हिशेब" म्हणून सांगितलं असेल, तर हिशेबाला रडणारी बाई म्हणून तुम्ही त्या डब्यात आता कायमच्या प्रसिद्ध झाल्या आहात. जाऊन दुरुस्त करा. त्यांना स्लेज सांगा.

मुलगाही आहेच. वह्यांचा खाकी कागद कोणी संपवला हे त्याला कळलं नसेल असं समजू नका. तो बोलत नसेल कारण तुम्ही बोलत नाही. दहावीचं वर्ष आहे म्हणून पुस्तक हातात देऊ नका, नुसतं टेबलावर उघडं ठेवा, कव्हर न घालता.

कव्हराचं म्हणाल तर पावसाळ्यात राहू दे, पुस्तक भिजत नाही. लेबलही राहू दे. फक्त 'हिशेब' खोडून तिथे कट्ट्याच्या दिवशी खरा विषय लिहा आणि पुस्तक तसंच हातात धरून उभ्या राहा. कार्यक्रम संपल्यावर नणंदबाईंनी ते वाचायला मागितलं, तर अवश्य द्या. पण वहीत तारीख घालून सही घ्या. २२ वर्षांच्या काउंटरवरच्या अनुभवावरून सांगते, प्राध्यापक मंडळी पुस्तकं परत करत नाहीत.

तुमची,
ताई